कडेच्या स्लाइसचं मीठ अळणी?

ब्रेडचं नवं पाकीट फुटलं की घरोघरी एकच हातचलाखी चालते. वरची कडेची स्लाइस अलगद बाजूला सरते, तिच्याखालच्या दोन पांढऱ्याशुभ्र स्लाइस बाहेर येतात आणि ती पुन्हा जागच्या जागी जाऊन बसते. पुढचा प्रत्येक हात तेच करतो. शेवटी पाकिटात वरची आणि तळाची अशा दोनच उरतात. दोन दिवस तशाच पडून राहतात आणि मग कचऱ्याच्या डब्यात तरी जातात, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्यापुढे. पाकिटावर छापलेल्या वजनात या दोघी धरलेल्या असतात, त्यांचे पैसेही आपण मोजलेले असतात. मग त्यांनी आपलं काय घोडं मारलंय?

पीठ एकच, यीस्ट एकच, साचाही एकच. फरक पडतो तो भट्टीत. भट्टीचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असलं, तरी पावाच्या पोटात भरपूर पाणी असतं. त्यामुळे आतला भाग १०० अंशांच्या वर जात नाही. तो जवळजवळ वाफेवरच शिजतो. बाहेरचा थर मात्र सुकतो आणि १४० अंशांच्या पुढे तापतो. तिथे मैद्यातल्या प्रथिनांचे घटक आणि साखर यांच्यात रासायनिक क्रिया जोर धरते. लुई-कामीय मैलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव मिळालं. भाजल्या शेंगदाण्याचा वास आणि भाकरीवरच्या तांबूस डागांची चव हीसुद्धा तिचीच करणी. म्हणजे ब्रेडमध्ये खमंग म्हणावं असं जे काही असतं, ते मुख्यतः कडेतच असतं.

गंमत अशी, की याच खरपूस कडेसाठी आपण एरवी वाट वाकडी करतो. लादीपाव एकमेकांना चिकटून भाजले जातात, म्हणून त्यांच्या बाजू मऊ राहतात. ज्याला कुरकुरीत हवं असतं, तो इराण्याकडे जाऊन ब्रून-मस्का मागवतो आणि चहात बुडवून खातो. गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला, की कडक उंडे घ्यायला माणसं दारात येतात. तिथे कड हवी, आणि पाकिटातली नको!

या नावडीला कारण आहे, आणि ते कडेत नसून पिशवीत आहे. भट्टीतून निघालेल्या पावाची कड कोरडी असते, आत ओल असते. उघड्यावर ठेवलेल्या ब्रूनमधून ही ओल हवेत निघून जाते. प्लास्टिकच्या बंद पिशवीत तिला वाट मिळत नाही. ती आतून सरकत कडेत मुरते आणि कुरकुरीत थर चिवट, चामट होतो. मधल्या स्लाइसला ही कड फक्त चार बाजूंनी, दोऱ्यासारखी. कडेच्या स्लाइसची मात्र एक अख्खी बाजूच चामट. त्यामुळे ती न आवडणं स्वाभाविक आहे. पण हा दोष दोन मिनिटांत जातो: कोरड्या गरम तव्यावर कडेची बाजू खाली ठेवून भाजा, ओल उडते आणि चव परत येते.

कड पौष्टिक की अपायकारक, हा वादही अधूनमधून डोकं वर काढतो. त्याची दोन्ही टोकं २००२ या एकाच वर्षातली आहेत. जर्मनीत थॉमस हॉफमान आणि सहकाऱ्यांना कडेत प्रोनिल-लायसिन नावाचं अँटिऑक्सिडंट आढळलं. आतल्या भागात ते बरंच कमी होतं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला भाजले-तळले की अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन तयार होतं. ब्रेडमध्ये तेही मुख्यतः कडेतच. पहिला अभ्यास प्रयोगशाळेतला होता, त्यामुळे कड म्हणजे औषध समजण्याचं कारण नाही. आणि अ‍ॅक्रिलामाइड वाढतं ते काळपट करपवल्यावर, म्हणून टोस्ट सोनेरी झाला की उतरवावा. बाकी कडेच्या आणि मधल्या स्लाइसचं पोषण उन्नीस-बीस.

टाकायचं की ठेवायचं, हे ठरवताना जागा नव्हे, अवस्था बघावी. शिळा ब्रेड आणि खराब ब्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेड कडक होतो तो केवळ सुकल्यामुळे नव्हे. पाणी न गमावताही तो शिळा होतो, हे बुसिंगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवलं होतं. शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जातो. फ्रीजमध्ये हे आणखी लवकर घडतं, फ्रीझरमध्ये जवळपास थांबतं आणि गरम केल्यावर बरंचसं उलटतं. बुरशीचं तसं नाही. हिरवा-काळा ठिपका दिसला, तर तेवढाच तुकडा कापून उरलेला खाऊ नये. बुरशीचे तंतू मऊ ब्रेडमध्ये आत पसरलेले असतात. तो टाकावा, मग तो कडेचा असो की मधला.

घरातल्या दोन स्लाइसचे सँडविचच्या कारखान्यात डोंगर होतात. लंडनच्या ट्रिस्ट्रम स्टुअर्ट यांनी २०१६ मध्ये अशा उरल्यासुरल्या ब्रेडपासून ‘टोस्ट एल’ ही बिअर बाजारात आणली. जपानमध्ये अनेक बेकऱ्या कापलेल्या कडा पिशवीत भरून स्वस्तात विकतात. घरी त्या तळून साखरेत घोळवतात.

आपल्याला एवढं लांब जायला नको. फोडणीच्या पोळीला माणिकपैंजण म्हणून मिरवणाऱ्या स्वयंपाकघराला उरल्या ब्रेडचं काय करायचं, हे शिकवावं लागत नाही. फक्त दोन्ही स्लाइसना आधीच कामं वाटून द्यावीत. तळाची स्लाइस टोस्ट सँडविचला घ्या: कडेच्या बाजूला हिरवी चटणी लावून ती आत वळवा, वर बटाटा, काकडी, बीट रचा आणि बाहेर आलेल्या पांढऱ्या बाजूला लोणी लावून शेका. चटणीच्या ओलीनं कड नरमते, चिवटपणा कळतही नाही. वरची स्लाइस शेवटपर्यंत झाकण म्हणून राहू द्या; तिच्यामुळे खालच्या सुकत नाहीत. पाकीट संपेल तेव्हा ती वाळलेलीच असेल. तव्यावर मंद आचेवर कडकडीत करा, मिक्सरमधून फिरवा आणि हवाबंद डब्यात भरा. पुढच्या खेपेला कटलेट घोळवायला क्रम्सचं पाकीट आणावं लागणार नाही.