टीव्ही बुलढाण्यात, बघणारा हिंजवडीत

चिखलीचा मुलगा हिंजवडीत नोकरीला, मेहकरची मुलगी नाशकात, मलकापूरचं जोडपं थेट न्यू जर्सीत. टीव्ही मात्र गावच्या घरी, आई-बाबांसमोर. तोच टीव्ही इंटरनेटवरून लांब बसून बघायची खटपट वीस वर्षांहून जुनी आहे. तिच्यात न्यायालयातले खटले आहेत, अंतराळातले आदेश आहेत आणि बंद पडलेली एक जिगरबाज डबीही आहे. किस्से वाचताना एवढंच बघत राहा: चित्र निघतं कुठून? आपल्या घरातून, की कंपनीच्या सर्व्हरवरून? सगळी गंमत त्या उत्तरात आहे.

मॅच चुकली आणि डबी जन्मली

साल २००२. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा बेसबॉल संघ जोरात होता. ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे भाऊ त्याचे भक्त, पण कामासाठी सतत गावाबाहेर. सामने लागायचे घरच्या वाहिनीवर. मग त्यांनी घरचा टीव्हीच सोबत न्यायचं ठरवलं. २००४ मध्ये स्लिंग मीडिया ही कंपनी काढली आणि २००५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दुकानांत ‘स्लिंगबॉक्स’ आला. किंमत सुमारे २५० डॉलर, आकार खामगावच्या सराफ्यातल्या चांदीच्या विटेसारखा. २००७ मध्ये एकोस्टार कंपनीने ही कंपनी सुमारे ३८ कोटी डॉलरला विकत घेतली. तिच्या इंजिनिअरिंगचं मोठं काम बंगळुरूतून चालायचं.

आईची मालिका गेली कुठे?

डबीचं काम सरळ होतं. सेट-टॉप बॉक्समधली वायर तिच्यात खोचायची. डबी चित्र दाबून छोटं करायची आणि घरच्या इंटरनेटवरून लांबच्या लॅपटॉपवर पाठवायची. चॅनेल बदलायला आणखी एक बारीक वायर असायची. तिच्या टोकाला रिमोटच्या पुढे असतो तसा इन्फ्रारेड दिवा. तो सेट-टॉप बॉक्सच्या तोंडाशी चिकटवला की परदेशातून दाबलेलं बटण घरच्या बॉक्सपर्यंत पोचायचं.

पण बॉक्स एकच असला तर? न्यू जर्सीतल्या मुलाने क्रिकेट लावलं की मलकापुरात आईची मालिका जाणार आणि तिच्याही समोर क्रिकेट येणार! यावर उपाय एकच: घरी दुसरा सेट-टॉप बॉक्स आणि त्याचं वेगळं पॅक.

घर झालं प्रक्षेपण केंद्र

इंटरनेट घेताना आपण डाउनलोडचा वेग विचारतो. घरचा टीव्ही बाहेर पाठवायचा तर गाठ अपलोडशी पडते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड मुद्दामच एकतर्फी आखलेलं होतं. एडीएसएल-२ प्लस या प्रकारात कागदावर खाली यायला २४ एमबीपीएस, तर वर जायला जेमतेम १. लोक घेतात जास्त आणि पाठवतात कमी, हा त्यामागचा हिशेब. स्लिंगबॉक्सने तो उलटा केला आणि घराचं प्रक्षेपण केंद्र बनवलं. फायबरच्या बऱ्याच जोडण्यांत आता अपलोड आणि डाउनलोड जवळपास सारखे मिळतात. म्हणजे जी सोय त्या डबीला हवी होती, ती गावोगाव पोचू लागली तोवर डबीचे दिवस सरले होते.

घरचा पाऊस, घरचं लोडशेडिंग

जोराचा पाऊस आला की छत्रीवरचं चित्र का जातं? डीटीएचच्या केयू बँड लहरींची लांबी सुमारे २.५ सेंटिमीटर. पावसाचे थेंब त्या शोषतात आणि इकडेतिकडे विखुरतात. आता मेहकरच्या घरी डबी लावली आहे आणि मुलगी लंडनमध्ये बघते आहे असं धरा. ढग मेहकरवर फुटला की पडदा लंडनमध्ये काळा! गावची वीज गेली तरी तेच.

मोबाईल ॲपचं तसं नाही. तिथे चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून निघतं. गाव अंधारात असलं तरी पुण्यात मालिका चालूच. सोय मोठी, पण घरी आई अंधारात बसली आहे हे कळायला आता फोनच करावा लागतो.

विकेट आधी फोनवर पडते

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. सिग्नल वर जाऊन खाली येतो, म्हणजे किमान ७२,००० किलोमीटरचा प्रवास. त्याला लागतो सेकंदाचा साधारण चौथा हिस्सा. इंटरनेटवरचं ‘लाइव्ह’ मात्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, सर्व्हरवर जातं, तिथून फोनवर येतं आणि फोन आधी दोन-तीन तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. अर्धा मिनिट मागे राहणं त्यात नवल नाही.

म्हणून होतं असं: हिंजवडीतल्या पडद्यावर बॉलर अजून रनअपवर असतो आणि नांदुऱ्याहून बाबांचा फोन येतो, “गेला नं रे कोहली!” अंतराळातून फिरून आलेलं चित्र जमिनीवरून आलेल्या चित्राच्या आधी घरी पोचलेलं असतं.

एकाला एक, एकाला कोटी

घरची डबी एका वेळी एकाच बघणाऱ्याला चित्र द्यायची. आता दुसरं टोक बघा. १९ नोव्हेंबर २०२३ ला भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाची अंतिम लढत हॉटस्टारवर एकाच क्षणी ५.९ कोटी ठिकाणी चालू होती. हे जमतं कारण तेच तुकडे देशभरच्या शेकडो सर्व्हरवर ठेवलेले असतात आणि तुमच्या फोनला जवळचा सर्व्हर मिळतो.

राजूर घाटात चित्र धूसर का होतं?

प्रत्येक तुकडा सर्व्हरवर चार-पाच दर्जांत तयार असतो: एकदम स्वच्छ, मध्यम, धूसर. फोन क्षणाक्षणाला वेग मोजतो आणि झेपेल तो तुकडा मागतो. मोताळ्याहून बुलढाण्याला चढताना राजूर घाटात रेंज कमी-जास्त झाली की चेहरे चौकोनी दिसायला लागतात, पण आवाज तुटत नाही, तो यामुळे. घाट संपला की चित्र आपोआप सुधारतं. डेटाचा हिशेबही सोपा आहे: २ एमबीपीएसचं चित्र तासाला सुमारे ९०० एमबी खातं. घरच्या डबीच्या जमान्यात हा खर्च दोन्ही टोकांना पडायचा, पाठवणाऱ्या घरालाही आणि बघणाऱ्यालाही.

छत्री आग्नेयेकडे, ग्राहक क्रमांक नाही

बुलढाणा जिल्ह्यात डीडी फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते, कारण तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झालं.

पण शुल्क नाही म्हणून खातं नाही, आणि खातं नाही म्हणून लॉगिनही नाही. पैसे भरणाऱ्या डीटीएच ग्राहकाला त्याचं पॅक मोबाईलवर बघायची सोय कंपनी देते. फ्री डिशच्या घराला तशी सोय कोण देणार? ती उणीव प्रसार भारती काही अंशी भरून काढते आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात तिचं ‘वेव्हज’ हे ॲप सुरू झालं आणि दूरदर्शनच्या वाहिन्या फोनवर आल्या. बिनपैशाची छत्री असलेल्या घरांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

पुण्यातून रिचार्ज, व्हाया अंतराळ

लांबून टीव्ही बघणाऱ्यांपेक्षा लांबून टीव्हीचं रिचार्ज करणारे जास्त असतील. “बाळा, टीव्ही बंद पडला बघ,” असा फोन येतो, लेक पुण्यातून पैसे भरते आणि देऊळगाव राजाला चित्र येतं. मध्ये काय घडतं? कंपनीच्या केंद्रातून एक छोटा आदेश उपग्रहाकडे जातो. उपग्रह तो देशभरातल्या सगळ्या छत्र्यांवर सांडतो. लाखो बॉक्स तो ऐकतात, पण ज्याच्या कार्डाचा क्रमांक त्यात आहे तेवढाच तो मानतो.

आता कामाची गोष्ट: आदेश येतो तेव्हा घरचा बॉक्स चालू हवा. तो मुख्य बटणापासूनच बंद असेल तर आदेश निघून जातो आणि पैसे भरूनही पडदा कोराच राहतो. मग बॉक्स चालू करून ‘हेवी रिफ्रेश’ मागवायचा, म्हणजे तोच आदेश पुन्हा पाठवला जातो.

रात्रीची मालिका न्याहारीला

घरचा टीव्ही घरच्याच घड्याळाने चालतो. आपल्याकडची रात्री ८ ची मालिका दुबईत संध्याकाळी ६.३० ला दिसते. न्यू जर्सीत उन्हाळ्यात ती सकाळी १०.३० ला लागते, हिवाळ्यात ९.३० ला. नोकरीच्या दिवशी बघणार कोण? म्हणून परदेशी राहणाऱ्यांना घरी रेकॉर्डिंगचा बॉक्स लागायचा. आई मालिका बघतेय, बॉक्स ती साठवतोय आणि शनिवारी अमेरिकेत आठवडाभराचे भाग एका बैठकीत.

डबी कोणाच्या खोलीत आहे?

जपानमध्ये ‘मानेकी टीव्ही’ नावाची सेवा होती. परदेशी राहणारे ग्राहक टीव्ही बाहेर पाठवणारं आपलं सोनी यंत्र तिच्या कार्यालयात ठेवायचे आणि तिथून जपानी वाहिन्या बघायचे. जानेवारी २०११ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. अमेरिकेत ‘एरिओ’ या तशाच सेवेने तर प्रत्येक ग्राहकासाठी नाण्याएवढा वेगळा अँटेना आपल्याकडे ठेवला होता. २५ जून २०१४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तीही सेवा बेकायदा ठरवली. यंत्र ग्राहकाच्या घरून उठून कंपनीच्या खोलीत गेलं, की न्यायालयांच्या नजरेत पाठवणारी कंपनी ठरली.

घर म्हणजे एक वायफाय?

२० जुलै २०२३ ला नेटफ्लिक्सने भारतातही जाहीर केलं: एक खातं एकाच घरात राहणाऱ्यांसाठी. कोण त्या घरचं हे इंटरनेटचा पत्ता, उपकरणं आणि वापर यांवरून ठरतं. आपली कुटुंबं अशी मोजता येत नाहीत. शेती लोणार तालुक्यात, शिक्षणाची खोली संभाजीनगरात, नोकरी पुण्यात आणि रेशनकार्ड एकच! घरची डबी हा भेद करत नव्हती. ज्याच्याकडे तिचा पासवर्ड, तो घरचा.

सर्व्हर बंद, डबी ठार

स्लिंगबॉक्स बंद होणार ही घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये झाली आणि ९ नोव्हेंबर २०२२ ला सर्व्हर थांबले. डबी स्वतःच्या घरी, टीव्ही स्वतःचा, इंटरनेट स्वतःचं, पण दोन टोकांची ओळख कंपनीचा सर्व्हर करून द्यायचा. तो गेल्यावर चांगल्या चालणाऱ्या डब्याही निकामी झाल्या. काही मॉडेल्स हौशी प्रोग्रामरांनी स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरने पुन्हा चालू केली.

आज तसं काही घरी करायचं म्हटलं तर नवी अडचण येते. बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून हाक मारली तर कोणत्या घराने ओ द्यायची हेच ठरत नाही. आयपीव्ही-६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो.

जिल्हाच पडद्यावर

काही दिवशी लांबच्या बुलढाणेकरांना गावच बघायचं असतं. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते: शेतात घट, मध्ये पाण्याची घागर, चार महिन्यांच्या पावसासाठी मातीची चार ढेकळं, पापड, करंजी. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत निघतं आणि बातम्यांच्या वाहिन्या तिथे हजर असतात. १२ जानेवारीला सिंदखेड राजा जिजाऊ जन्मोत्सवाने फुलून जातं. अशा दिवशी पुण्यातला शेतकऱ्याचा मुलगा आणि गावातले बाबा एकच चित्र बघत असतात.

पुढच्या वेळी गावी गेलात की

घरच्या डीटीएचचा ग्राहक क्रमांक लिहून घ्या आणि नोंदलेला मोबाईल नंबर चालू आहे ना ते बघा. फ्री डिश असेल तर आई-बाबांच्या फोनवर ‘वेव्हज’ टाकून द्या. फायबर घेणार असाल तर अपलोडचा वेगही विचारा. आणि फोन जोडून सामना एकत्र बघायचा असेल तर एकाने छत्रीवर, दुसऱ्याने ॲपवर असं करू नका. दोन्हीकडे एकच ॲप लावा. दोघेही मागे पडाल, पण जवळपास सारखेच, आणि विकेट पडली की ओरडाही मिळूनच होईल.