बोट गरम करून घ्या

तेलंगणातल्या बेला मंडलातल्या आमच्या गावच्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीने, गेल्या महिन्यात काम सोडलं. पैनगंगेकाठच्या या मराठी मुलखात जुन्या दमेकऱ्यांवर घरी येऊन नजर ठेवणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या येण्याआधीचा दूरवैद्यकीचा आणि मोठ्या दवाखान्यांचा इतिहास चटकन संपतो. २००० साली चित्तूरकडच्या आरगोंड्यात उपग्रहाची जोडणी आली. २००८ साली आदिलाबादला रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय झालं. गावातल्या धापेला दोन्हींचा उपयोग थोडाच.

माझ्यासाठी खरी गोष्ट २०१४ पासूनची. तेलंगण झालं, त्याच हिवाळ्यात आईला सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार निघाला. तिने कधी विडीला हात लावला नव्हता. उभा जन्म चुलीत पऱ्हाट्या घालण्यात गेला. उज्ज्वलाचं सिलिंडर आलं तोवर फुप्फुसं जायची ती गेली होती.

कोविडच्या पहिल्या लाटेनंतर हैदराबादच्या एका खासगी रुग्णालयाची घरबसल्या देखरेखीची योजना घेतली. ऑक्सिमीटर मोबाइलला जोडलेला, आकडा ९४ च्या खाली गेला की इशारा. ती रेषा कोविडची. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांना ऑक्सिजन लावतानाही डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य धरतात. आईचा नेहमीचा आकडा ९०, म्हणजे इशारा रोजचाच. मग फोन यायचा, तो तेलुगूत नाहीतर इंग्रजीत, आणि आईला मराठीच येते. त्या फोनांनी ती जेवढी घाबरली तेवढी धापेने घाबरली नव्हती. याचा राग मला अजून आहे.

मे २०२१ मध्ये तेलंगणात घरोघर तापाची पाहणी झाली. त्या निमित्ताने आशाताई आल्या आणि पुढेही येत राहिल्या. ‘‘आधी बोट चोळून गरम करून घ्या, आई,’’ म्हणायच्या. गार बोटावर यंत्र चुकतं, आणि आमच्याकडची थंडी काही साधी नाही. मग विचारायच्या, रात्री बसून काढली का, बेडक्याचा रंग बदलला का, पायावर सूज आहे का. एकदा आकडा नेहमीचाच होता, पण बेडका हिरवा दिसला. त्यांनी ओट्यावरूनच डॉक्टरांना फोन लावला. औषध त्याच दिवशी सुरू झालं, भरती टळली.

स्कॉटलंडमध्ये २५६ सीओपीडी रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये बीएमजेत आला. दोन्ही गटांची वैद्यकीय सेवा सारखी ठेवून एका गटाला घरी देखरेखीचं यंत्र दिलं, तरी त्या गटावर रुग्णालयात भरती व्हायची वेळ काही लांबणीवर पडली नाही. आशाताईंना काम करताना पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

नव्या आशाताईंकडे दोन गावं आहेत. त्या बीपी लिहितात, शुगर लिहितात आणि पुढच्या घरी जातात. धापेचं विचारायला त्यांना वेळ कुणी दिलेलाच नाही. त्यांच्या वहीत दमेकऱ्यांचं वेगळं पान हवं, प्रत्येकाचा नेहमीचा आकडा त्यावर लिहिलेला हवा, आणि रात्री उचलला जाईल असा डॉक्टरांचा नंबर हवा. हे डिसेंबरच्या आत व्हायला हवं. कापसाची धूळ, शेकोट्यांचा धूर आणि थंडी आमच्याकडे एकदमच येतात.