केकवर तलवार, नावावर केस

बर्थडेला तलवारीनं केक कापायचा, मागं एखादा डायलॉग लावायचा आणि रील सोडायची. लाईक येतात, पाठोपाठ पोलीसही येतात. अशा बातम्या आता नेहमीच्याच झाल्यात. धनज काय किंवा वाशीम जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव काय, पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारे पोट्टे दिसतात. त्यांच्यासाठी हा मामला गमतीचा नाही. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, आणि शस्त्र कायद्याखालचा गुन्हा नेमका तिथं आडवा येऊ शकतो.

यावर कट्ट्यावर एक प्रश्न हमखास निघतो, ‘अमेरिकेत तर लोक बंदूक घेऊन फिरतात, मग आपल्याला का नाही?’

तिकडं काय झालं?

अमेरिकेच्या राज्यघटनेतच शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे. २००८ च्या हेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की संरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. न्यूयॉर्क राज्यात बंदूक घेऊन बाहेर फिरायचं तर खास कारण दाखवावं लागायचं. २०२२ च्या ब्रूएन निकालानं ती अट उडवली. पण २०२४ मध्ये रहीमी खटल्यात त्याच कोर्टानं म्हटलं, की ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं न्यायालयाला आढळलंय, त्याला तात्पुरतं निःशस्त्र करता येतं. म्हणजे तिथंही मोकळं रान नाही.

आपल्याकडं हे आधीच ठरलंय

ही मागणी आपल्याकडंही झाली होती. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग होताच. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच प्रांताचे सदस्य. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. कुणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारं घ्यायला लागला तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

१९९३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाच्या एका निकालात बंदुकीचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला गेला, पण पुढं त्याच कोर्टाच्या पूर्णपीठानं ते मान्य केलं नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही विनापरवाना हत्यारांबद्दल चिंता व्यक्त करताना सांगितलं, की अमेरिकेसारखा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही.

हक्क नाही, पण मनमानीही नाही

मग आपल्या हातात काय उरतं? कायद्यानं वागवून घेण्याचा हक्क! १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्यासाठी साधारणपणे वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि अपील करता येतं. ‘तुझ्याकडं पुरेशी मालमत्ता नाही’ एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. रोही-रानडुकरांपायी वावरात जागल करणाऱ्या शेतकऱ्याला हे माहीत असायला हवं, कारण पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख कायद्यातच आहे. मात्र परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली, असं नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

निवडणुकीत बंदुका जमा करण्याचंही तसंच. मुंबई हायकोर्टाच्या २००९ च्या निकालानंतर प्रत्येक परवानाधारकाचं प्रकरण छाननी समितीनं तपासायची पद्धत आली. सरसकट सगळ्यांना एकच नियम लावायचा नाही, हा त्यामागचा विचार.

आणि तलवार?

कायद्याच्या नजरेत तीही शस्त्रच आहे. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली सुरी, विळा त्यात येत नाहीत. शिवाय सण, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. पेपरात कोपऱ्यात छापून येणारी ती बातमी आपण वाचत नाही. पण त्या काळात तलवार, भालाच काय, लाठी घेऊन फिरणंही गुन्हा ठरू शकतं. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही, आणि रील तर आपणच तयार करून दिलेला पुरावा असतो.

बंदूक हातात घ्यायची हौसच असेल, तर एनसीसी आहे, नेमबाजीचा खेळ आहे, भरतीचं मैदान आहे. यातल्या भरतीच्या रस्त्यावर धावण्याची वेळ जशी मोजतात, तसंच पोलीस ठाण्याच्या नोंदीत तुमचं नाव आहे का, तेही बघतात.