चौदाव्या दिवसाची लस

चिरनेर म्हटलं की 25 सप्टेंबर 1930 चा जंगल सत्याग्रह आठवतो. आज त्याच परिसरातून न्हावाशेव्याच्या बंदराकडे कंटेनर धावतात. बंदर 1989 साली सुरू झालं आणि उरण-पनवेलच्या रस्त्यांवर ट्रेलर आले. अशा रस्त्यावर दुचाकी घसरली, हँडल डाव्या बरगड्यांखाली रुतलं, तर पाणथरी फुटू शकते. रक्त थांबेना झालं की सर्जनला ती काढावीच लागते. जीव वाचतो, माणूस घरी येतो, घरच्यांना वाटतं संकट टळलं. मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

पाणथरी म्हणजे प्लीहा. आपल्या आजी-आजोबांना ती हिवतापामुळे ठाऊक होती. ताप मुरला, डावी कूस फुगली की ‘पाणथरी वाढली’ म्हणत. सुमारे दीडशे ग्रॅमचा हा अवयव सुपात भात पाखडावं तशा म्हाताऱ्या तांबड्या पेशी निवडून बाजूला काढतो आणि रक्तात शिरलेले जंतूही टिपतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंभोवती शर्करेचं निसरडं कवच असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींच्या हाती ते सहज लागत नाहीत. पाणथरीतल्या खास बी पेशी या कवचाविरुद्ध झटपट प्रतिपिंडं तयार करतात. तो पहारा उठला की साधी कणकण दीड-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. पाणथरी काढलेल्या तान्ह्या बाळांमधला हा धोका किंग आणि शुमाकर या अमेरिकी डॉक्टरांनी 1952 साली नोंदवला. तो पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असतो, पण आयुष्यभर पुरता जात नाही.

मग पाणथरीच नसेल तर लस कुणाला शिकवणार? शर्करेच्या नुसत्या कवचाची जुनी लस बरीचशी त्याच बी पेशींवर विसंबते, म्हणून अशा माणसांत ती तोकडी पडू शकते. संयुग्म लसीत तीच शर्करा प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन दिसलं की टी पेशी मदतीला येतात, शरीरभरच्या लसिका गाठी काम उचलतात आणि आठवण टिकते. न्यूमोकोकससाठी संयुग्म लस आधी आणि गरजेप्रमाणे 23 प्रकारांची जुनी लस किमान आठ आठवड्यांनी, हा क्रम त्यातूनच आला. सोबत मेनिंगोकोकसची आणि हिबची लस, दरवर्षी फ्लूची. कोणती, किती वेळा, हे वय आणि आधीच्या लसी पाहून डॉक्टर ठरवतात.

शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल, थॅलेसेमियात होते तशी, तर लसी किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात. अपघातात ती सवड नसते. तेव्हा चौदाव्या दिवसापासून लस दिली तर प्रतिसाद चांगला मिळतो. नेमका तोवर रुग्ण घरी पोचलेला असतो आणि लस राहून जाते. पुन्हा येणं जमेल याची खात्री नसेल, तर घरी सोडण्यापूर्वीच ती द्यावी.

काहींची पाणथरी जागेवर असूनही निकामी होते. सिकलसेलमध्ये वाकड्या पेशी तिच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत हा आजार आहे. अशा मुलांना लसींबरोबर लहानपणी रोजचं पेनिसिलिनही लागतं. ते गंभीर संसर्ग पुष्कळ कमी करतं, हे 1986 साली अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झालं.

लस घेतली तरी कवच पूर्ण नसतं. ताप आला की सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं, ‘मला पाणथरी नाही.’ कुत्रा चावला तरी तेच. हिवतापही अशांना जड जातो, म्हणून मच्छरदाणी हवीच. शस्त्रक्रियेची तारीख आणि घेतलेल्या लसी लिहिलेलं कार्ड पाकिटात असू द्यावं.

दिवाळीला घर भरलेलं असतं. त्यात कुणाच्या पोटावर जुन्या अपघाताचा उभा व्रण असेल, तर फराळाच्या ताटाशी एवढं विचारा: ‘तेव्हा पाणथरी काढली होती का रे?’ हो म्हणाला, तर पुढचा प्रश्न लसीचा. दहा वर्षं उलटली असली तरी ती आजही घेता येते.