कणेरीची स्वस्त सहल

सहल महाग होते ती बहुधा घाईमुळें. एका दिवसांत चार स्थळें गांठावयाचीं म्हटलें कीं, मोटारभाड्यांतच पैसा सरतो. त्यापेक्षां कोल्हापूरपासून सुमारें १२ किलोमीटरांवर असलेलें कणेरी मठाचें ग्रामजीवन संग्रहालय हें एकच स्थळ निवडावें. बसनें जावें, भाकरी-पिठलें बरोबर न्यावें. तेथें मोकळ्या आकाशाखालीं कुंभार, लोहार, सुतार आदि बलुतेदार पुतळ्यांच्या रूपानें आपापल्या कामांत गढलेले दिसतात. वाटाड्याचें काम मात्र घरांतील वडीलधाऱ्यांकडे द्यावें. माझ्या नातवानें कुंभाराच्या पुतळ्यापुढें विचारलें, "आजोबा, तुम्ही याला पैसे देत होतां?" मी म्हणालों, "नाहीं रे, वर्षभर तो मडकीं देई. सुगीला आम्ही खळ्यावरून सुपानें जोंधळा देत असूं." घरीं त्यानें असें कधींच विचारलें नव्हतें. अशीं उत्तरें देणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच ही सहल करावी.