खोतांचे वकील रावसाहेब मंडलिक

आयर्लंडमधील एक जमीनदार, चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, १८७९ साली कुळांच्या 'लँड लीग'चा अध्यक्ष झाला. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात खोती विधेयकाचा वाद पेटला होता आणि खोतांची बाजू मांडण्यात अग्रभागी होते रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. दापोलीजवळच्या मुरूड गावी १८३३ साली खोत घराण्यात त्यांचा जन्म झाला.

मंडलिक हे काही ऐदी वतनदार नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले नामांकित वकील, 'नेटिव्ह ओपिनियन'चे संस्थापक आणि १८७४ पासून मुंबई कायदेमंडळाचे सभासद अशी त्यांची योग्यता होती. 'व्यवहारमयूख' व याज्ञवल्क्यस्मृती यांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८८० साली प्रसिद्ध झाले. खोती कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

खोत हा गावचा मालक की सरकारी साऱ्याचा केवळ मक्तेदार, हा वादाचा मूळ मुद्दा. धारेकरी ठरलेला सारा भरून मोकळा होई. साध्या कुळाला मात्र पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या कोठारात घालावा लागे. वर वेठ निराळीच. कुळाने घाम गाळून बांध घातला, खाचर वाढविले, तरी वाढीव भातातही खोताचा वाटा ठरलेलाच. अशा व्यवस्थेत शेती सुधारणार कशी? १८८० च्या कायद्याने काही कुळांच्या वहिवाटीला मान्यता दिली, ती खोतांना सलली.

खोतांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. आज सनद धुडकावणारे परके सरकार उद्या कोणाची मालमत्ता सुरक्षित ठेवील, ही शंका रास्तच होती. परंतु कुळाजवळ सनद नव्हती आणि कायदेमंडळात त्याचा माणूसही नव्हता. चाकण-भोसरी पट्ट्यातील भूसंपादन पाहिलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मोबदला निघतो तो सातबाऱ्यावरील नावाने. नुसता नांगर धरणाऱ्याला कोण विचारतो? सरकारशी निर्भयपणे भांडणाऱ्या मंडलिकांना आपल्याच गावचे कूळ दिसू नये, हे त्यांच्या विद्वत्तेला शोभणारे नव्हते. पुढे टिळकांचा 'केसरी'ही खोतांच्याच बाजूने उभा राहिला.

मंडलिक १८८९ साली निवर्तले. खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मांडले आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे दापोलीला लागूनच असलेल्या मंडणगड तालुक्यातले.