लिनक्सवरील दोन ग्राफिक्स चिपांचा मेळ

अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात : एक मुख्य प्रोसेसरमध्येच सामावलेली, कमी वीज घेणारी, दुसरी स्वतंत्र, शक्तिशाली, पण बॅटरी झपाट्याने संपवणारी. एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने कामानुसार चिप आपोआप निवडणारी रचना आणली, तेव्हा ती सोय विंडोजपुरतीच होती; लिनक्सवरील ही उणीव कंपनीने नव्हे, तर २०११ मध्ये ‘बम्बलबी’ प्रकल्प उभारणाऱ्या स्वयंसेवकांनी प्रथम भरून काढली, आणि त्यांच्या या श्रमांची कृतज्ञतेने नोंद व्हायलाच हवी.

पुढे ‘प्राइम’ ही पद्धत स्थिरावली. तीत स्वतंत्र चिप चित्र तयार करते आणि ते पडद्यावर दाखवण्याचे काम अंगभूत चिपकडेच राहते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिप आणि कार्यप्रणाली यांच्यात संवाद घडवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ही सोय २०१९ मध्ये आली. उबुंटू या लिनक्स-आवृत्तीवर ‘प्राइम-सिलेक्ट’ या आज्ञेसोबत ‘ऑन-डिमांड’ हा पर्याय दिल्यास नेहमीची कामे अंगभूत चिपवर चालतात आणि निवडलेला प्रोग्रामच स्वतंत्र चिपकडे जातो. बहुतेकांसाठी हाच पर्याय योग्य होय. ‘सिक्युअर बूट’, म्हणजे फक्त मान्य सॉफ्टवेअरच चालू देणारी सुरक्षा-सोय, सुरू असताना ड्रायव्हरवर मान्य डिजिटल स्वाक्षरी नसेल, तर कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, तो स्वीकारत नाही. म्हणून वाचकांनी ड्रायव्हर इतरत्र शोधण्याऐवजी, अशी स्वाक्षरी असलेला, उबुंटूच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावा.